मढं बघून आलात, आधी आंघोळी करा

बडोद्याला आजोळी गेलो की मामा आम्हा भाचरांना एकदा तरी कमाटीबागेत न्यायचा. आधी माकडं, मग भेळ, आणि शेवटी सयाजीरावांनी बांधलेलं म्युझियम. तिथे दोनच गोष्टींसाठी आमची धक्काबुक्की चालायची. एक म्हणजे निळ्या देवमाशाचा तो भलामोठा सांगाडा, आणि दुसरी ममी. देवमाशाखाली आम्ही आरडाओरडा करायचो, ममीपुढे मात्र आपोआप गप्प व्हायचो. काचेला नाक लावून बघायचं, काचेवर वाफ धरायची, ती फ्रॉकने पुसायची, पुन्हा बघायचं.

दांडिया बाजारात घरी परतलो की आजी दारातच आडवी. "मढं बघून आलात ना? आधी आंघोळी करा. तोवर कशाला शिवू नका."

मामा हसायचा. "अगं आई, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी मेलीय ती. आता कसलं सुतक?"

"मेलेल्याला वर्षं असतात होय?" आजी म्हणायची. आणि मग न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल देताना एकदा तिने विचारलं, अगदी सहज, "तिला तिथे कुणी जेवायला ठेवतं का रे?"

तेव्हा आम्ही खदखदून हसलो होतो. इजिप्तच्या शापांवरचे आणि झपाटलेल्या पोरींवरचे सिनेमे मी पुढे ढिगाने पाहिले. त्यातल्या एकाही प्रोफेसराने आजीइतका नेमका प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

या सिनेमांचं व्यसन मामानेच लावलं. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्याने मिळायचा. मामा तो सायकलच्या कॅरियरवर बांधून आणायचा, सोबत तीन कॅसेटी. दोन हिंदी सगळ्यांसाठी, तिसरी इंग्रजी, म्हाताऱ्या झोपल्यावर लावायची. त्यातली एक इतकी घासलेली होती की चित्र वरून खाली लाटांसारखं हलायचं. नाव कुणालाच कळलं नव्हतं. कथा एवढीच समजली की एक गोरा माणूस वाळवंटात थडग्याचं दार फोडतोय आणि तिकडे त्याची बायको बाळंतवेणा देतेय. घणाचा एकेक घाव पडतो तशी ती कळवळते. मूल मेलेलं जन्मतं. इकडे शवपेटी उघडते आणि तिकडे ते मेलेलं मूल श्वास घेतं. पुढे ती मुलगी अठरा वर्षांची होते आणि थडग्यातली राणी तिच्यात उतरते.

त्या रात्री वीज गेली. अंधारात जिन्यावर पांढरं काहीतरी उभं राहिलं आणि माझी धाकटी मावसबहीण इतकी किंचाळली की समोरचे लोक कंदील घेऊन आले. आजोबांचं जुनं धोतर अंगाला गुंडाळून मामा उभा होता, डोक्यापासून पायापर्यंत, नाकापुरती फट ठेवून. आजी उठून आली आणि तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. जिवंतपणी असं गुंडाळून घेतात का, मेल्या?

खूप वर्षांनी कळलं की तो सिनेमा 1980 चा 'द अवेकनिंग'. मूळ कथा ड्रॅक्युलाच्या बापाची, म्हणजे ब्रॅम स्टोकरची, 1903 सालची. त्याच कादंबरीवर ब्रिटनच्या हॅमर कंपनीने 1971 मध्ये आधीच एक चित्रपट काढून ठेवला होता, 'ब्लड फ्रॉम द ममीज टूम'. त्याच्या शूटिंगला सुरुवात होते न होते तोच त्यातला नट पीटर कुशिंग याची पत्नी अत्यवस्थ झाली आणि त्याने काम सोडलं. ती गेलीच. शूटिंग संपत आलं असताना दिग्दर्शक सेथ होल्टही गेला, मग दुसऱ्याने चित्रपट पुरा केला. साहजिकच लोक म्हणाले, शाप. सिनेमा तसा बेताचाच आहे, पण शेवटचं दृश्य मी विसरू शकत नाही. सगळं कोसळतं, एकटीच बाई वाचते. हॉस्पिटलच्या खाटेवर ती पडलेली, सबंध चेहरा बँडेजमध्ये, फक्त डोळे दिसतायत. ती प्रोफेसरची मुलगी आहे की तीन हजार वर्षांपूर्वीची राणी, हे डॉक्टरांना ठाऊक नाही आणि आपल्यालाही नाही. ती काहीतरी बोलायची धडपड करते. मला वाटतं, ती आपलं नाव सांगायला बघतेय.

नाव. या सगळ्या सिनेमांच्या मुळाशी नावच आहे, आणि बनवणाऱ्यांना ते अर्धवटच उमगलेलं दिसतं. 'द अवेकनिंग'मधल्या थडग्यावर लिहिलेलं असतं की नाव नसलेल्या त्या व्यक्तीच्या जवळ जाऊ नका. प्राचीन इजिप्तमध्ये नाव पुसणं ही खरोखरच मरणापलीकडची शिक्षा होती. शरीर टिकलं पाहिजे, तसंच नावही टिकलं पाहिजे आणि कुणाच्या तरी तोंडून उच्चारलं गेलं पाहिजे, तरच मेलेला पलीकडे नांदतो. म्हणून तर हॅटशेपसूट राणीची नावं तिच्या मागून आलेल्यांनी छिन्नीने खरवडली. अखेनातेन राजाचंही तेच झालं.

या जातीच्या सिनेमांची आजी म्हणजे 1932 चा 'द ममी'. त्यातलं पहिलं भय अजूनही शिळं झालेलं नाही. इजिप्तमधला तळ, रात्र, एक तरुण संशोधक टेबलाशी एकटा. मागे भिंतीला टेकवून उभी केलेली शवपेटी आणि तिच्यात ममी झालेला नट बोरिस कार्लोफ. पोरगा मना केलेली पोथी उघडतो आणि ओठातल्या ओठात वाचायला लागतो. संगीत नाही. ममीच्या पापणीची एक बारीक चीर किलकिलते. छातीवरचा हात हळूच खाली घसरतो. मग एकदम टेबलावरच्या पोथीवर तो हात येतो, वाळक्या बोटात अंगठी. पोरगा किंकाळी फोडतो आणि लगोलग हसायला लागतो, थांबायचं नावच घेत नाही. ममी चालताना आपल्याला दिसतच नाही. दिसतात ती दाराबाहेर सरपटत गेलेली पट्टीची दोन टोकं. "जरा पाय मोकळे करायला गेला," असं काहीतरी तो पोरगा हसता हसता सांगतो. दिग्दर्शक कार्ल फ्रॉइंड मुळात कॅमेरामन होता आणि न दाखवण्याची किंमत त्याला कळत होती. पुढच्या ममीपटांनी सगळं दाखवलं, अगदी टोळधाडीसकट, आणि भीती गेली.

या पहिल्या सिनेमातल्या खलनायकाचं नाव इम्होटेप. खरा इम्होटेप सक्कारा इथल्या पायऱ्यांच्या पिरॅमिडचा स्थपती. पुढे शतकानुशतकं लोक त्याला वैद्यकाचा देव मानून नवस बोलायला जायचे. आपल्याकडच्या धन्वंतरीला उचलून कुणी वेताळपटातला राक्षस करावा, तसला हा प्रकार. पटकथा लिहिणारा जॉन बॉल्डरस्टन पूर्वी वार्ताहर होता आणि तुतनखामेन राजाच्या थडग्याच्या बातम्या त्याने दिलेल्या होत्या. म्हणजे सिनेमाची नाळ थेट त्या खड्ड्याशी जुळलेली.

ती गोष्ट सगळ्यांना पाठ असते, म्हणून भरभर सांगते. 4 नोव्हेंबर 1922 रोजी संशोधक हॉवर्ड कार्टरला थडग्याची पहिली पायरी सापडली. पैसा लावणारा लॉर्ड कार्नारव्हन 5 एप्रिल 1923 ला कैरोत वारला. डास चावलेल्या जागी दाढी करताना कापलं, रक्तात विष भिनलं, वर न्युमोनिया. कैरोतले दिवे गेले म्हणे. इंग्लंडात त्याची कुत्रीही मेली म्हणे. झालं, शाप!

मला यातला रस वाटतो तो वेगळ्याच कारणाने. कार्नारव्हनने थडग्याच्या बातम्यांचे हक्क लंडनच्या 'टाइम्स'ला विकून टाकले होते. बाकीचे वार्ताहर लक्सॉरच्या उन्हात दाराबाहेर माश्या मारत बसलेले. इजिप्तच्या वार्ताहरांचीही तीच गत, स्वतःच्या राजाची बातमी त्यांना लंडनमार्गे कळायची. आत काय सापडलं ते छापता येत नाही, मग छापायचं काय? कार्नारव्हनच्या मृत्यूने या उपाशी मंडळींना पंगत वाढली. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल तोवर भुताखेतांच्या पूर्ण आहारी गेलेला. थडग्याच्या रक्षणासाठी काही दुष्ट शक्ती ठेवलेल्या असाव्यात, असं तोही बोलून बसला. थडग्यावर शापाचा शिलालेख असल्याचं छापून आलं, पण तसला लेख तिथे नव्हताच. कार्टर स्वतः 1939 पर्यंत जगला. कार्नारव्हनची मुलगी, थडग्यात अगदी पहिल्यांदा शिरलेल्यांतली एक, 1980 मध्ये गेली. 2002 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्या वेळी इजिप्तमध्ये असलेल्या 44 गोऱ्या माणसांचा हिशेब छापून आला. थडगं, पेटी किंवा ममी उघडताना हजर असलेले 25 जण सरासरी सत्तराव्या वर्षी गेले, उरलेले पंचाहत्तराव्या. हा फरक संख्याशास्त्राच्या लेखी नगण्य.

इजिप्तच्या थडग्यांवर शाप अजिबात नसायचे असं मात्र नाही. सक्कारातल्या खेंतिका नावाच्या वजिराने अपवित्र अवस्थेत आत शिरणाऱ्याला बजावून ठेवलंय की पक्ष्याची मान पकडावी तशी तुझी मान पकडीन. पण असले लेख थोडे. त्यांच्या शेकडो पट सापडतात त्या विनवण्या. हे पृथ्वीवर जगणाऱ्यांनो, या थडग्यावरून जाणाऱ्यांनो, माझ्यासाठी एवढं म्हणा: हजार भाकरी, हजार घडे बियर, हजार बैल, हजार पक्षी. काही ठिकाणी तर पुढे अजीजीच आहे. तुमच्याकडे देण्यासारखं काही नसेल तर नुसतं तोंडाने म्हणा, तोंडाचा तो वारा, त्याला काही पडत नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. तिला कुणी जेवायला ठेवतं का रे?

अंगात येण्याच्या बाबतीतही तेच. सिनेमातली राणी पोरीच्या अंगात शिरते ती सूड उगवायला किंवा फुकटात नवं शरीर मिळवायला. कर्नाकला एक शिलालेख सापडला, त्यात झपाटल्याची खास इजिप्शियन गोष्ट आहे. दुसऱ्या रामेसेसच्या काळात घडल्याचं सांगितलंय, कोरलीय त्यानंतर कित्येक शतकांनी. रामेसेसची मेहुणी, दूरच्या बाख्तान देशाची राजकन्या बेंत्रेश, आजारी पडते. आधी इजिप्तहून एक विद्वान वैद्य येतो आणि सांगतो की हिच्यात बाहेरचं आहे. मग खोंसू देवाची मूर्ती पाठवतात. तिला तिथे पोचायलाच एक वर्ष पाच महिने लागतात. आता कुठल्याही सिनेमावाल्याने इथे काय केलं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. मान गरागरा, खाट हवेत, दारं धाडधाड. शिलालेखात भूत देवाला म्हणतं, या, या, हे नगर तुमचंच, मीही तुमचा दास. आलो तिथे परत जातो, फक्त जाण्याआधी इथल्या राजासोबत माझ्या नावाने एक दिवस सण करा. राजा घाबरत घाबरत नैवेद्य मांडतो, सण होतो, भूत निघून जातं. पोरगी बरी.

आजी हे ऐकून म्हणाली असती, मग? त्यात काय नवल? कोकणात तिच्या माहेरी असंच चालायचं. लागीर झालं की आधी विचारायचं, बाबा रे, तू कोण, कुठला, काय राहिलं तुझं? कोंबडा म्हण, नारळ म्हण, दहीभात म्हण. ज्याचा त्याला मान दिला की वाट मोकळी. या प्रकारांत बायाबापड्यांचे जे हाल होतात, फटके बसतात, ते मी पाहिलेत आणि त्याची भलामण मला करायची नाही. तरीही एक खरं, आमच्याकडच्या भुताला आधी नाव विचारतात. हॉलिवुडच्या भुताला आधी जाळतात.

बेंत्रेशच्या गोष्टीला शेपूट आहे. भूत घालवणारा देव इतका कामाचा म्हटल्यावर बाख्तानचा राजा मूर्ती परत पाठवेचना. तीन वर्षं नऊ महिने ठेवून घेतली. मग एका रात्री स्वप्नात देव सोन्याचा ससाणा होऊन देव्हाऱ्यातून उडाला आणि इजिप्तच्या दिशेने गेला. राजा घाबरून उठला आणि मूर्ती वाजतगाजत परत केली. दुसऱ्याचा देव आपल्याकडे डांबून ठेवू नये, असं सांगणारी ही शिळा सध्या पॅरिसला, लूव्रमध्ये आहे.

त्याहून माझ्या जिव्हारी लागलेला कागद हॉलंडमध्ये लायडनला आहे. पपायरसवर एका विधुराने मेलेल्या बायकोला लिहिलेलं पत्र. बायकोचं नाव अंखिरी. मी तुझं असं काय वाईट केलं, की तू माझी ही दशा केलीस? तरुणपणी तुझ्याशी लग्न केलं, मोठमोठ्या हुद्द्यांवर चढलो, पण तुला टाकलं नाही. तू आजारी पडलीस तेव्हा वैद्य आणला. तू गेलीस तर माझं अन्नपाण्यावरचं मन उडालं. तुला गुंडाळायला चांगलं तलम कापड दिलं. तीन वर्षं झाली, एकटा आहे. पत्र एका बाईच्या बाहुलीला बांधून ठेवलं होतं. बिचाऱ्याला काय दुखत होतं कोण जाणे. झोप लागत नसेल, धंदा बसला असेल. पण त्याने मांत्रिक बोलावला नाही, भांडणारा नवरा भांडतो तसा तो भांडला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरातला तो एकटा पुरुष, रात्री दिवा लावून बायकोला जाब विचारत बसलेला. यावर कुणीतरी सिनेमा काढायला हवा.

तो निघत नाही, कारण हे सिनेमे मुळात मेलेल्यांचे नाहीतच, ते चोरांच्या मनाचे आहेत. विचार करा, युरोपने ममीचं काय काय केलं. दळून औषध म्हणून खाल्ली. तपकिरी रंग करून चित्रांना फासली. लंडनला तिकीट लावून लोकांसमोर पट्ट्या सोडल्या. एडवर्ड बर्न-जोन्स नावाच्या चित्रकाराला जेव्हा कळलं की आपल्या ट्यूबमधला रंग खऱ्या माणसांचा आहे, तेव्हा तो उठला, ती ट्यूब घेऊन बागेत गेला आणि खड्डा खणून पुरून आला. तो आणि माझी आजी, दोघांचं छान जमलं असतं. बाकीच्यांनी खुशाल खाल्लं, रंगवलं, दिवाणखान्यात मांडलं, आणि मग रात्री झोप लागेना म्हणून शापाच्या कथा रचल्या. 1932 च्या सिनेमात इजिप्शियन माणसाच्या रूपात आलेला कार्लोफ गोऱ्या संशोधकांना थडग्याची जागा दाखवतो आणि वर म्हणतो, आमच्या पूर्वजांना उकरायची आम्हा इजिप्शियनांना परवानगी नाही, ती फक्त परदेशी म्युझियमांना. सिनेमात हे खलनायकाच्या तोंडी आहे.

खुद्द इजिप्तने काढलेला ममीपट वेगळाच निघाला. शादी अब्देल सलाम यांचा 'अल-मुमिया', 1969. भूत नाही, किंचाळी नाही. गोष्ट खरी घडलेली आहे. लक्सॉरजवळच्या कुर्ना गावातल्या अब्द अल-रसूल घराण्याला डोंगरातल्या एका विवरात राजांच्या ममींचा साठा सापडला होता. पुजाऱ्यांनी पूर्वी चोरांच्या भीतीने तिथे लपवलेल्या, दुसरा रामेसेस, त्याचा बाप सेती, तिसरा थुटमोस. गरज पडेल तसं त्यातलं एकेक विकून घराणं पोट भरत होतं. 1881 मध्ये सरकारला सुगावा लागला, काही दिवसांत विवर रिकामं झालं आणि राजे आगबोटीने कैरोला निघाले. सिनेमातला तरुण मुलगा बापाच्या मरणानंतर हे गुपित वारशाने मिळताच हबकतो. आपण जेवलो ते मेलेल्यांचं खाऊन? हा प्रश्न त्याला झपाटतो. ममी उठून बसण्याची गरजच पडत नाही. सिनेमा सुरू होतो तोच मृतांच्या पोथीतल्या नावाबद्दलच्या ओळींनी: ज्याला नाव नाही, तो आत्मा भटकत राहतो.

आणि त्या आगबोटीबद्दल असं सांगतात, की ती नाईलमधून जाताना काठाकाठाने गावोगावच्या बायका केस मोकळे सोडून आक्रोश करत धावल्या, पुरुषांनी बंदुकीचे बार काढले. घरातलं माणूस गेल्यावर करतात तसंच. तीन हजार वर्षांचं सुतक पाळणारं कुणीतरी होतं तर.

3 एप्रिल 2021 ला त्यांतले बरेचसे राजे पुन्हा निघाले. बावीस ममी, कैरोच्या तहरीर चौकातल्या जुन्या म्युझियमपासून फुस्तातच्या नव्या म्युझियमपर्यंत. त्याआधीच्याच आठवड्यात सुएझच्या कालव्यात ते अजस्र जहाज आडवं अडकलं होतं, सोहागला रेल्वेचा अपघात झाला होता. फॅरोंना हलवताय म्हणून कोपले, असं लगेच सुरू झालं. मी मोबाईलवर मिरवणूक पाहत होते. प्रत्येक राजाराणीला स्वतंत्र सजवलेली गाडी, गाडीवर नाव. एक गायिका आयसिस देवीचं स्तोत्र गात होती, मेलेल्या प्राचीन भाषेत. शेवटी एकवीस तोफांची सलामी.

मामा तेव्हा पुण्यात मुलाकडे होता. मी त्याला लिंक पाठवली. त्याचा उलट मेसेज आला, "पाहतोय. थोडा ताप आहे. आई असती तर म्हणाली असती, एवढं केलंत, आता जेवायला वाढा त्यांना."

ते शेवटचं. त्याच महिन्यात तो गेला. कुणाला जवळ जाऊ दिलं नाही. मामेभाऊ आणि मी स्मशानाबाहेर रांगेत उभे होतो, अंगावर त्या घामट निळ्या पिशव्या चढवून. पुढे बरेच नंबर होते. मामाला आणलं ते पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून, डोक्यापासून पायापर्यंत. नाकापुरतीही फट नव्हती. छातीच्या जागी काळ्या मार्करने नाव लिहिलेलं. लिहिणारा पोरगा विशीतला असेल, सकाळपासून किती नावं लिहिली असतील त्याने. अनुस्वार चुकीच्या अक्षरावर पडला होता.

मामेभावाने त्याच्याकडे मार्कर मागितला. पोरगा आधी नको म्हणाला, मग लांबूनच टाकला. प्लास्टिकवरची शाई खोडता येईना. म्हणून त्याने खाली, थोडं मोठ्या अक्षरात, नाव पुन्हा लिहिलं, आणि मला म्हणाला, "ताई, वाच बरं एकदा, बरोबर आहे ना?"

मी मोठ्याने वाचलं.